वाचकांचे प्रश्न : बाईकचं ऑइल होडीला चालेल का?

प्रश्न : काका, नमस्कार. आमचा देवबागला होमस्टे आहे. पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला आणि त्सुनामी आयलंडला न्यायला दोन होड्या आहेत. थोरल्या भावाच्या होडीला जुनं टू-स्ट्रोक मशीन आहे. मी यंदा ४० एचपीचं वापरलेलं फोर-स्ट्रोक घेतलं. दुकानदार म्हणाला, "टीसी-डब्ल्यू३ घ्या, होडीचं ऑइल तेच." गॅरेजवाला मित्र म्हणतो, बाईकचं फोर-टी घाल, स्वस्तात काम होईल. कोणाचं ऐकू?

उत्तर : टीसी-डब्ल्यू३ अजून तुमच्या मशीनमध्ये ओतलेलं नाही ना? ओतलं असेल तर मशीन चालू करू नका, आधी ते काढा. हे टू-स्ट्रोकचं ऑइल, पेट्रोलमध्ये मिसळून जळून जाण्यासाठी बनवलेलं असतं. तुमच्या फोर-स्ट्रोकच्या तळाशी ऑइलचा साठा असतो, तेच ऑइल शंभर-शंभर तास फिरत राहतं आणि बेअरिंगं सांभाळतं. ते काम टीसी-डब्ल्यू३ला जमणारं नाही. तो डबा भावाला द्या, त्याच्या मशीनला तोच लागतो.

तुमच्या मशीनसाठी डब्यावर 'एफसी-डब्ल्यू' ही अक्षरं शोधा. फोर-स्ट्रोक आऊटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या मशीनच्या, ऑइलची ती खूण. ग्रेड मशीनच्या पुस्तकात असेल तीच, बहुतेक १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०. पुस्तकाने दोन्हींना परवानगी दिली असेल तर मालवणच्या उन्हाळ्यात मी १०डब्ल्यू-४० घालतो. दुसरा आकडा तापलेल्या ऑइलच्या दाटपणाचा. पहिला थंडीतल्या स्टार्टिंगचा, आणि आपल्या किनाऱ्यावर तेवढी थंडी पडतेच कुठे!

आता मित्राचं म्हणणं. बाईकच्या फोर-टीची घडण ऑइलात बुडालेल्या क्लचसाठी असते. आऊटबोर्डला तसला क्लच नाही. मशीन त्या ऑइलवर लगेच बंद पडणार नाही, म्हणूनच लोकांना ते चालतंय असं वाटतं. पण गाडीला उतार असतो, होडीला नसतो. पाणी सतत मागे ओढतं, आणि फुल थ्रॉटलला आऊटबोर्ड मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं. शिवाय मशीन बंद करून थंड झालं की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन लोखंडावर बसतं. एफसी-डब्ल्यूची खूण मिळण्याआधी ऑइलला गंजाची चाचणी पार करावी लागते, तशीच रगडून रगडून ते किती पातळ होतं याचीही. फोर-टीच्या डब्यावरची खूण या गंजाच्या परीक्षेबद्दल काही सांगत नाही. तुमच्या मशीनला दोन-अडीच लिटर ऑइल लागेल, मॉडेलप्रमाणे थोडं कमीजास्त. तेवढ्यावर वाचणारे पैसे आणि मशीनची किंमत शेजारी मांडून बघा.

डॉल्फिनच्या फेऱ्यांबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. तिथे तुम्ही तासभर मशीन अगदी हळू चालवता. आऊटबोर्ड बाहेरचं पाणी खेचून थंड होतं, त्यामुळे ते मुळातच मोटारीच्या इंजिनापेक्षा थंड चालतं, आणि हळू चालवलं तर पुरतं तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल मग पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलात उतरतं. मशीन सरळ उभं ठेवून रोज सकाळी डिपस्टिक बघा. पातळी खाली गेली की सगळ्यांच्या लक्षात येतं, वर चढली की लोक खूश होतात, मशीन ऑइल खात नाही म्हणून. वर चढलेली पातळी आणि पेट्रोलचा वास दिसला की ऑइल बदला, तास मोजत बसू नका. परतीच्या वाटेवर, मोकळं पाणी असेल तिथे, दहा-पंधरा मिनिटं मशीनला दमाने पळवा. तरीही पातळी चढत राहिली तर थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप, उघडाच अडकलाय का ते तपासून घ्या.

दर शंभर तासांनी ऑइल बदलायचं, हे तुम्हाला ठाऊक असेल. आपल्याकडे चूक होते ती पावसाळ्यात. मे अखेरीस होडी वर ओढतात, मशीन शेडमध्ये टांगतात आणि "सप्टेंबरात नवीन ऑइल घालू" म्हणतात. वापरलेल्या ऑइलात आम्ल आणि पाणी असतं, ते तीन महिने बेअरिंगांना चिकटून बसतं. मशीन टांगण्याआधी बदला. नवीन ऑइल घालून, पाण्याची सोय लावून, पाच मिनिटं चालवा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. कर्लीच्या खाडीत बायका तिसऱ्या नि कालवं काढतात, त्या पाण्यात एक थेंबही जाऊ देऊ नका.

भावालाही एक निरोप द्या : स्कूटरचं टू-टी कधीही नको. तीसेक वर्षांपूर्वी टीसी-डब्ल्यू३ मिळेना म्हणून मी एका होडीला ते घातलं होतं. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं. काही आठवड्यांनी ती होडी मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे सहा माणसं घेऊन निघाली आणि मध्येच मशीन गप्प झालं. सुकतीचं पाणी, किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक. दुसऱ्या होडीने दोर टाकला म्हणून सगळे धक्क्याला लागले. मशीन उघडलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक. हवेवर थंड होणाऱ्या, तापट इंजिनासाठी बनवलेल्या त्या ऑइलात राख सोडणारे घटक असतात. थंड चालणाऱ्या आऊटबोर्डमध्ये ती राख पिस्टनवर आणि प्लगवर साचते, लाल तापते, आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं. टीसी-डब्ल्यू३ला राख नसते. त्या सहा जणांत एक लहान मुलगी होती, तिचा रडका चेहरा मला आजही दिसतो.

मिश्रण पुस्तकाप्रमाणे. ५०:१ लिहिलं असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल, आणि तेही मापाने. अंदाजाने झाकण भरू नका.

प्रश्न : आमची होडी तापोळ्याला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात चालते. गोड्या पाण्यात मरीन ऑइल कशाला हवं? मशीन टू-स्ट्रोक आहे.

उत्तर : ताई, वर लिहिलेली राखेची गोष्ट मिठाची नाही, थंड चालण्याची आहे. कोयनेचं पाणी तर आणखी गार. टीसी-डब्ल्यू३च घाला. मीठ नसल्यामुळे तुमची एकच कटकट वाचते, रोज गोड्या पाण्याने मशीन आतून धुण्याची.

प्रश्न : पंख्याजवळच्या गिअरबॉक्समधून दुधाळ ऑइल निघालं. नुसतं बदललं तर पुरे का?

उत्तर : नाही. दुधाळ म्हणजे आत पाणी गेलंय. आधी पंख्याच्या शाफ्टचं सील बघा. तिथे मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळलेली सापडते, ती सील कापते. गिअरबॉक्सच्या वरच्या नि खालच्या ऑइलच्या भोकांना जे दोन स्क्रू असतात, त्यांचे वॉशर नवीन टाका. इंजिनाचं ऑइल इथे चालत नाही, मरीन गिअर ऑइलच हवं. ते खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बुडबुडे थांबून सलग ऑइल येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावा आणि नंतर खालचा.