फेरी घेण्याआधी

पुणे, वैशाख

प्रिय मुली,

रविवारी रियाज संपल्यावर तू तुर्कस्तानच्या ध्यान-सहलीचं ते पत्रक माझ्यासमोर धरलंस आणि 'ताई, जाऊ का?' एवढंच विचारलंस. मागे बाकीच्या मुली घुंगरू सोडत होत्या, पुढच्या तुकडीच्या आया दारात उभ्या होत्या. 'बघू' म्हणून मी वेळ मारून नेली. ते बरं केलं नाही. म्हणून हे पत्र.

पत्रक मी दोनदा वाचलं. डिसेंबरात दहा दिवस, वीस-बावीस माणसं. इस्तंबूल, कोन्या, कप्पाडोकिया. सकाळी ध्यान, दुपारी दरवेशांसारखं, म्हणजे सूफी साधकांसारखं, गोल फिरायला शिकणं, संध्याकाळी एखादा सोहळा नाहीतर शहर बघणं. तीन वर्षं पगारातून बाजूला टाकलेले तुझे पैसे यात जाणार. जा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढची प्रत्येक ओळ तू 'ताईंना पसंत नाही' असं समजून वाचशील.

आधी पायांचं बोलू. कथकमुळे हे फिरणं आपल्याला सोपं जाईल असं तुला वाटतंय. ते अर्धं खरं आहे. आपणही डाव्या पायावर, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो आणि तेही तसेच फिरतात. तुर्कीत त्या डाव्या पायाला खांब म्हणतात आणि उजव्याला चर्ख, म्हणजे चाक. आपला चरखा त्याच फारसी शब्दातून आला. पण चक्कर घेताना मी तुम्हाला काय ओरडून सांगत असते? नजर समोर रोखा, मान शेवटी आणि झटक्यात. आणि चकरा कितीही असोत, सगळा जीव समेकडे, तालाच्या पहिल्या मात्रेकडे, लागलेला. सेमात, म्हणजे दरवेशांच्या त्या फिरण्यात, गाठायची सम नसते. नजर कुठेच रोखलेली नसते. डोळे अर्धोन्मीलित, मान उजव्या खांद्याकडे किंचित कललेली, उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे, आणि संथ लयीत फिरत राहायचं. मी हे शिकले तेव्हा माझी मान पहिले दोन दिवस आपसूक झटके देत होती. वीस वर्षांची सवय हट्टानं जात नाही, तिला हळूहळू विसरू द्यावं लागतं.

गरगरेल, त्याला घाबरू नकोस. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांतला द्रव आपण थांबलो तरी थोडा वेळ वाहतच राहतो आणि मेंदूला वाटतं की आपण अजून फिरतोय. म्हणून एकदम थांबायचं नाही, गती उतरवत आणायची. आधीचे दोन-तीन तास पोटात जड काही नको. फिरून झालं की पालथं पडून पोट जमिनीला टेकव आणि तशीच पडून राहा, जमीन स्थिर होईपर्यंत. आत्तापासून रोज पाच मिनिटं कर, मग महिन्याला थोडं थोडं वाढव.

आणि दहा दिवसांत सेमा येत नाही. मौलवी संप्रदायात, म्हणजे सूफी कवी रूमींच्या परंपरेत, शिष्याची सेवा १००१ दिवसांची असे आणि तिची सुरुवात मठाच्या स्वयंपाकघरात होई. फिरणं शिकायला एक लाकडी फळी असे, तिच्या मधोमध एक गुळगुळीत खिळा. तो डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून त्याच्याभोवती फिरायचं. कातडं सोलवटू नये म्हणून फळीवर मीठ टाकत. तू जे शिकून येशील ती ओळख असेल. ओळख होणं ही काही लहान गोष्ट नाही, पण परत आल्यावर कुणाला शिकवायला बसू नकोस. पुण्यात तो मोह फार आहे. कोरेगाव पार्कात १९७४ साली ओशोंचा आश्रम आला तेव्हापासून नाच आणि ध्यान एकत्र करण्याची इथल्या माणसांना सवय आहे. तशीच आठवडाभरात शिकून आठवडाभरात शिकवण्याचीही.

आता डोळ्यांचं. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

बारा वर्षांपूर्वी मी अशाच एका गटाबरोबर कोन्याला गेले होते. माझ्या खोलीत पुण्याच्याच एक काकू होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, पासष्टीच्या. त्यांच्या घरात वारी होती. चौथ्या दिवशी हॉटेलच्या सभागृहात आमचा सराव होता. शिकवणाऱ्यांनी बजावलं होतं की काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत, आपापल्या आत राहायचं. त्या दिवशी मला पहिल्यांदा फिरणं लागलं होतं. पाय माझे राहिले नव्हते. मी ज्यासाठी एवढ्या लांब आले ते हेच, असं वाटत होतं. तेवढ्यात धप्प आवाज झाला आणि कुणीतरी 'आई गं' म्हणालं. आवाज मी ओळखला. आणि मी फिरत राहिले.

मनाशी म्हटलं, बघतील कुणीतरी. ते संगीत संपायला आणखी तीन-चार मिनिटं लागली असतील. डोळे उघडले तेव्हा काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, मनगट सुजलेलं. हॉटेलात झाडलोट करणारी एक बाई त्यांच्याशेजारी बसून ओला टॉवेल मनगटावर धरत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आमच्यापैकी कुणीच त्यांच्याजवळ नव्हतं. बावीस माणसं, आणि सगळी आपापल्या आत.

हाड मोडलं होतं. काकू मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. रात्री फक्त म्हणाल्या, 'एका हातानं वेणी येत नाही गं, घालशील का?' पुढच्या पाच रात्री मी त्यांची वेणी घातली. त्यांचे केस पातळ होते, रबर तीनदा गुंडाळावं लागायचं. हे तू मला आत्ता विचारलंस म्हणून लिहिते आहे. वर्गात कुणाला सांगितलेलं नाही.

दोन दिवसांनी आम्ही प्रत्यक्ष सोहळा पाहिला. काकू हात गळ्यात बांधून माझ्याशेजारी बसल्या होत्या. तू जाशील तेव्हा त्यात काय पाहायचं ते सांगते, कारण बहुतेकांचं लक्ष पांढऱ्या घेरांवर राहतं. आधी पैगंबरांची स्तुती गातात. मग नेयचं, म्हणजे बोरूच्या बासरीचं एकल वादन. तोवर फिरणारे काळे झगे पांघरून बसलेले असतात. तो झगा म्हणजे कबर, उंच नमद्याची टोपी म्हणजे अहंकाराच्या थडग्यावरचा दगड, आतला पांढरा घेर म्हणजे कफन. मग ते उठतात आणि तीनदा मैदानाला प्रदक्षिणा घालतात. शेखांच्या, म्हणजे गुरूंच्या, तांबड्या आसनापाशी आलं की पुढचा वळतो, मागच्याला सामोरा होतो, दोघं एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात आणि वाकतात. प्रत्येकजण, प्रत्येक फेरीत. हे झाल्याशिवाय झगे उतरत नाहीत आणि फिरणं सुरू होत नाही. या सोहळ्याचं एक नावच मुकाबले आहे, समोरासमोर येणं. आपल्या भाषेत त्या शब्दाची लढाई झाली, तिथे तो वंदन राहिला.

काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, 'अगं, हे तर माउली म्हणून पाया पडतात तसंच.'

मग चार सलाम होतात, चार फेऱ्यांचं फिरणं. त्या वेळी एकजण फिरत नसतो. तो फिरणाऱ्यांचा प्रमुख, त्यांच्यामधून शांत चालत असतो. कुणाचं अंतर कमी झालं, कुणी वाट सोडली, ते पाहतो आणि पावलाच्या खुणेनं सांगतो. डोळे मिटून बेभान झालेली माणसं म्हणून जे आपण फोटोत पाहतो, त्यात एवढी नजर असते. इतके घेर फुललेले आणि एकाचा दुसऱ्याला धक्का नाही.

पुढच्या वर्षी काकूंनी मला वारीला नेलं. मी पुण्यात वाढले, लहानपणी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला तुकोबांच्या आणि भवानी पेठेत पालखी विठोबाला माउलींच्या पालखीचं दर्शन घेतलेलं, पण चालले कधी नव्हते. वारीत 'नाचतात' म्हणत नाहीत, 'खेळतात' म्हणतात हे तेव्हा कळलं. पावली खेळतात, फुगडी खेळतात. पावलीत दोन रांगा समोरासमोर, टाळ हातात, दोन पावलं पुढे, दोन मागे. कथकचं मोठं शिक्षण घेतलेली मी चुकत होते, कारण मी माझी लय पाहत होते आणि समोरची नऊवारीतली बाई माझी.

पण मला सगळ्यात लक्षात राहिली ती सासवडची समाजआरती. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या जमतात. रथापुढच्या २७ आणि मागच्या शेकडो. टाळांचा एवढा गजर की शेजारच्याचं ऐकू येत नाही. चोपदार दंड वर उचलतात आणि एका क्षणात शांत. पूर्ण शांत. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवणं थांबवत नाही. हजारो माणसांच्या शांततेत त्या एका दिंडीचे टाळ वाजत राहतात, चोपदार त्यांच्यापाशी जातात आणि गाऱ्हाणं ऐकून घेतात. मग आरती होते. काकूंचं प्लास्टर केव्हाच निघालेलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर पाहत होत्या, मला वाटतं मुद्दाम.

म्हणून तुला सांगते, आयोजकांना फोन कर आणि हॉटेल किती तारांकित ते विचारत बसू नकोस. कुणी आजारी पडलं तर त्याच्यापाशी कोण थांबणार, हे विचार. उत्तर देताना समोरचा अडखळला तर पैसे भरण्याआधी थांब. सरावाच्या वेळी एक माणूस न फिरता लक्ष ठेवायला असतो का, विचार. नसेल तर पहिल्या दिवशी तूच सगळ्यांसमोर मांड, 'लहान आहेस' असं कुणी म्हणालं तरी मांड. तुमच्या गटात वयस्कर माणसं असतील, मानेचा त्रास, रक्तदाब, चक्कर येण्याचा विकार असलेली असतील. त्यांनी फिरायलाच हवं असं नाही, बसून ध्यान करणं ही हलकी गोष्ट नव्हे. आणि तुला कुणी डोळे मिटायला सांगितलं तर मिट. पण शेजारून आवाज आला तर उघड. माझं नाव सांग, ताईंनी सांगितलंय म्हण.

कोन्यात रूमींच्या पुण्यतिथीचा उत्सव ७ ते १७ डिसेंबर असतो. ते १७ डिसेंबर १२७३ला गेले आणि त्या रात्रीला तिथे लग्नाची रात्र म्हणतात, जीवाच्या मीलनाची. आपले ज्ञानदेव त्यानंतर दोनच वर्षांनी, १२७५ साली जन्मले. दोघांमध्ये काही दुवा होता असं मी म्हणत नाही. पण आळंदीच्या समाधीपुढे वाढलेल्या माणसाला रूमींच्या समाधीवरच्या हिरव्या घुमटाखाली उभं राहिल्यावर परकं वाटत नाही, एवढं अनुभवानं सांगते. ती वास्तू आता संग्रहालय आहे. १९२५ साली तुर्कस्तानात कायद्यानं सगळे मठ बंद झाले, सेमा सार्वजनिक रूपात परतला तो १९५०च्या दशकात, तोही सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. त्यामुळे तुला जेवणाच्या टेबलापाशी फिरणारे दरवेशही दिसतील आणि काचेपलीकडच्या वस्तूंसमोर हात पसरून प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्या बायकाही. त्या बायकांच्या वाटेत उभी राहून फोटो काढू नकोस. सोहळ्यात फोन पिशवीतच ठेव. शेवटी कुराणपठण होतं, तेव्हा टाळ्या वाजवायच्या नसतात.

कप्पाडोकियात एखादा दिवस मोकळा मिळाला तर सूफी संत हाजी बेक्ताश यांच्या गावाबद्दल विचार. त्यांना मानणाऱ्या अलेवी-बेक्ताशी लोकांचा समाह, म्हणजे त्यांचं फिरणं, वेगळा, त्यात बायका आणि पुरुष एकत्र फिरतात. मला तो प्रत्यक्ष पाहायला मिळाला नाही, तुला मिळाला तर मला येऊन दाखव. कोन्या हजार मीटरवर आहे, डिसेंबरात रात्री पाणी गोठतं. लोकरीचे मोजे दोन जोड घे, मशिदींत डोक्यावर घ्यायला एक साधी ओढणी.

डिसेंबर लांब आहे. त्याआधी ज्येष्ठ वद्यात पालख्या पुण्यात येतील. दोन मुक्काम झाले की माउलींची पालखी पहाटे हडपसरमार्गे दिवेघाट चढून सासवडला जाते. तिसाच्या आसपास किलोमीटर आहेत. माझ्याबरोबर चल. काकू आता सत्त्याहत्तरच्या आहेत, घाट होत नाही त्यांना. हडपसरला रस्त्याच्या कडेला राजगिऱ्याचे लाडू घेऊन उभ्या असतात. तुझी ओळख करून देते. कोन्याला जाणार आहेस म्हटल्यावर त्या तुला काय काय सांगतील ते ऐकून घे, माझ्यापेक्षा त्यांनी जास्त पाहिलं. संध्याकाळी तळावर थांबू, आरती होईपर्यंत.

चपला जुन्याच घाल. नव्या चावतात.

तुझी,
ताई