झोपेच्या केसमध्ये आधी डॉक्टर, मग वर्तन-योजना

मुलांच्या झोपेच्या तक्रारींवर काम करणाऱ्या वर्तन-थेरपिस्टांसाठी: मूल रात्री घोरत असेल, श्वास मध्येच थांबत असेल, पाय सतत हलवत असेल किंवा झोपेत झटके येत असतील, तर वर्तन-योजना (सवयी बदलण्याची योजना) बाजूला ठेवा आणि आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. टॉन्सिल, लोहाची कमतरता, अपस्मार (फिट येणं) यांवर बक्षिसांचा तक्ता चालत नाही. मेलाटोनिनचा (झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या संप्रेरकाचा) डोस विचारला तरी सांगू नका. तो आपला अधिकार नाही.

मग १ ते २ आठवडे झोपेची नोंद घ्या: अंथरुणात कधी गेलं, झोप कधी लागली, किती वेळा जाग आली, तेव्हा पालकांनी काय केलं.

रडण्याकडे दुर्लक्ष करण्याची पद्धत सुचवण्याआधी पालकांना स्पष्ट सांगा, की पहिल्या काही रात्री रडणं बहुधा वाढतं. तिसऱ्या रात्री हार मानून उचललं, तर मूल जास्त वेळ रडायला शिकतं. म्हणून ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यावर ती लादू नका. पालकांनी मुलाच्या अंथरुणापासून रोज थोडं थोडं दूर सरकत जाण्याचा पर्याय द्या, वेळ लागला तरी चालेल. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी रडण्याकडे दुर्लक्ष करण्याची पद्धत नकोच. आणि खोलीला बाहेरून कडी? कधीच नाही. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाची केस अनुभवी पर्यवेक्षकाशिवाय घेऊ नका.