त्याच्या जागी कोण उभं राहणार?

प्रश्न : सर, सिडकोत आमची सोळा पोरांची फुटबॉल टीम आहे. मार्चमध्ये आमचा स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला खेळाडू, बाइक अपघातात गेला. त्यानंतरच्या सहा मॅचमध्ये आम्ही सतरा गोल खाल्ले. पोरं म्हणतात, आम्ही अजून सावरलोच नाही. कोच म्हणतात, रडगाणं बंद करा, मार्किंग (समोरच्याला धरून राहणं) चुकतंय. खरं कोणाचं? (कॅप्टन, वय २२, नाशिक)

उत्तर : तुझ्या वयाकडे बघून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. पत्रासोबत पाठवलेले दोन्ही व्हिडिओ मी तीन-तीनदा बघितले. मार्किंग चुकतंय, हे कोचचं बरोबर आहे. का चुकतंय, ते पोरांना कळतंय.

दुसऱ्या व्हिडिओतला तिसरा गोल परत बघ. बाजूने गोलसमोर क्रॉस येतो तेव्हा तुझा राइट बॅक बॉल सोडून क्षणभर मधे बघतो. तो हाकेची वाट बघतोय. ‘सोड’, ‘माझा’, ‘मागे माणूस’ हे ओरडणारा गेला, आणि ते काम कुणी उचललंच नाही. तुझा नवा स्टॉपर तर जुन्याच्या जागेच्या दोन पावलं डावीकडेच उभा असतो. त्याला तसं कुणी सांगितलं नसणार. त्या दोन पावलांतूनच गोल जाताहेत.

ही चूक मी स्वतः केलीय. देवळाली कॅम्पात मी पोरांना शिकवायचो तेव्हा आमचा लेफ्ट हाफ तापाने गेला. रामकुंडावर दहावा झाला आणि त्याच आठवड्यात मी त्याच्या धाकट्या भावाला त्याच जागेवर, त्याच नंबरच्या जर्सीत उतरवलं. मला वाटलं, मान दिला. पोरगं वीस मिनिटं खेळलं, मग स्वतःच बाहेर येऊन लाइनीजवळ बुटांच्या नाड्या सोडत बसलं. मी विचारलं, तर म्हणालं, ‘सर, सगळे मला पास देतच नाहीत.’ खरंच देत नव्हते.

‘त्याच्यासाठी जिंकू’ या जोरावर एखादी मॅच निघते, महिने निघत नाहीत. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू गेले. तेरा दिवसांनी उरल्यासुरल्या नि उसन्या पोरांनी कपमध्ये शेफिल्ड वेन्सडेला ३-० हरवलं, पुढे फायनलही गाठली. पण त्याच काळात लीगच्या चौदा मॅचमध्ये फक्त एक जिंकली. कपच्या नॉकआउटला ऊर भरून येतो; लीगमध्ये दर शनिवारी तो कुठून आणणार?

डेन्मार्कचं उदाहरण तुला जास्त उपयोगी. १२ जून २०२१, युरो कपची मॅच, कोपनहेगन, समोर फिनलंड. त्यांचा मिडफिल्डर एरिक्सन मैदानातच कोसळला, हृदय बंद पडलं होतं. तो वाचला, म्हणून तुलना पुरती जुळत नाही, पण त्या संध्याकाळी पुढे खेळायला लावलेली टीम ०-१ हरली, पेनल्टीही हुकली. पुढच्या मॅचला कोच ह्युलमंडने मागे बचावाला चारऐवजी तीन ठेवले. बेल्जियमकडूनही हरले, पण खेळले झकास. मग रशियाला चार, वेल्सला चार, आणि सेमीफायनल. एरिक्सनसारखा दुसरा शोधत बसण्यापेक्षा ह्युलमंडने सगळ्यांच्याच जागा हलवल्या.

लिव्हरपूलचं मला बरेच जण विचारतात. त्यांचा फॉरवर्ड जोटा ३ जुलै २०२५ ला कार अपघातात गेला. लीगच्या पहिल्या पाच मॅच जिंकल्या, मग सलग चार हरल्या. त्यात नवे खेळाडू, बचावपटू ट्रेंट रिअल माद्रिद क्लबकडे गेलेला, मागची घडी विस्कटलेली. यात दुःख किती नि डावपेच किती, हे मोजायचा तराजू टीव्हीवरच्या तज्ज्ञांकडे असेल, माझ्याकडे नाही.

तू एवढं कर. मागे तिघं उभे कर, म्हणजे ‘त्याची’ अशी एक जागाच उरणार नाही. त्याचा नंबर तूर्त कुणाला देऊ नकोस. मॅचआधी दर वेळी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं थांबव. एकदा राहिलात, पुरे. आणि सरावात अर्धा तास असा ठेव, की जो बिनबोलता खेळेल तो बाहेर. कोचना पटणार नाही, पण एक रविवार मागून घे.

हाका मारायचं काम गोलीकडे दे, त्याला सगळं मैदान दिसतं. तुझ्या गोलीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. मोठ्याने बोलतो का तो?