पाणी थंड आणि प्रोसेसर तापलेला? रेडिएटर नको, आधी ब्लॉक उघडा

कॉम्प्युटरचा वॉटर-कूलिंग लूप (प्रोसेसर थंड ठेवणारी पाण्याची बंद फेरी) वर्षभर छान चालला, आता लोड दिला की प्रोसेसर क्षणात ९५ अंशांवर, पाणी मात्र ३४ वरच. प्रोसेसर आणि ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली थर्मल पेस्ट दोनदा बदलून फरक नाही, म्हणून आणखी एक रेडिएटर घ्यायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून तो रेडिएटर घेऊ नका. माझ्या लूपचं हुबेहूब हेच झालं होतं.

पाणी ३४ अंशांवर राहतंय म्हणजे रेडिएटर पाण्यातली उष्णता हवेत सोडायचं आपलं काम चोख करतोय. उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाहीये, अडचण तिथे आहे. पाण्यात सेन्सर नसला तरी हे ओळखता येतं. लोड देताच प्रोसेसरचं तापमान उसळलं तर ब्लॉक, पेस्ट किंवा प्रवाह तपासायचा. वीस-तीस मिनिटांत हळूहळू चढलं तर रेडिएटर आणि फॅन.

एवढी गोष्ट ज्यांनी मला लूपचे भाग विकले त्यांच्या सेवा विभागाला कळू नये, याचा राग अजून जात नाही. प्रत्येक मेलला ठरलेलं उत्तर: पेस्टचा फोटो पाठवा, फॅन पूर्ण वेगाने चालवा, रेडिएटर अपुरा आहे. पाण्याचं तापमान मी दरवेळी लिहीत होतो, त्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. त्यांच्याच सांगण्यावरून दुसरा रेडिएटर बसवला. पाणी जरासं उतरलं, प्रोसेसर जिथल्या तिथे. सगळा खर्च आणि सगळी उस्तवार फुकट.

शेवटी ब्लॉक उघडला, तर तांब्याच्या पात्यांमध्ये पांढरट चिकट थर. पारदर्शक मऊ पीव्हीसी नळ्यांमध्ये लवचिकतेसाठी प्लास्टिसायझर घातलेलं असतं. ते हळूहळू सुटून पाण्यात येतं, आणि पात्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असल्यामुळे ब्लॉक गाळणीसारखा सगळं अडवून धरतो. रंगीत, त्यातही दुधाळ कूलंट (लूपमध्ये भरायचं तयार द्रव) असेल तर त्याचा साकाही तिथेच बसतो. माझं स्पष्ट मत: मऊ नळी हवी तर काळी ईपीडीएमची (एक प्रकारचं रबर) घ्या. दिसायला साधी, पण हा त्रास नाही.

प्रवाह फार जोरदार लागतो असं नाही. मिनिटाला १ लिटर पाणी २०० वॉट उष्णता नेताना जेमतेम ३ अंशांनी तापतं. पण पाती तुंबली की तेवढंही पाणी जात नाही.

साफ करताना मऊ टूथब्रश आणि साबणाचं कोमट पाणी पुरतं, नंतर डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुवा. निकेलचा मुलामा असेल तर व्हिनेगर लावू नका. उघडतानाच आतल्या जेट प्लेटचा (पाण्याची धार पात्यांवर सोडणारी पट्टी) फोटो काढून ठेवा, ती उलटी बसली तर तापमान पुन्हा चढेल. इन-आउटची तोंडंही एकदा पडताळा.

अर्थात, मी तुमचं मशीन पाहिलेलं नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले एक्स मॉडेल पूर्ण लोडला ९५ पर्यंत जातात, ते त्यांच्या रचनेतच आहे. तुमचा तसा असेल तर नुसतं तापमान बघू नका, त्याच लोडला क्लॉक (प्रोसेसरचा वेग) पूर्वीपेक्षा पडलाय का ते बघा. बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनंतर हे सुरू झालं असेल तर पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरला किती वीज घेऊ द्यायची ती मर्यादा, आधी तपासा.

आणि परत भरल्यावर मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चालवा. फिटिंगखाली टिश्यू ठेवा, काही तास कोरडे राहिले तरच मशीन सुरू करा.