परदेशातील शाळा आणि दत्तक मूल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही मूळचे पुण्याचे. आमची मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही तिला संस्थेतून दत्तक घेतले. आज ती साडेसात वर्षांची आहे. यजमानांच्या नोकरीमुळे गेल्या उन्हाळ्यात आम्ही इंग्लंडमधील रेडिंगला राहायला आलो आणि सप्टेंबरपासून ती येथील सरकारी प्राथमिक शाळेत जाते. पुण्याच्या शाळेत ती छान रुळली होती. येथे मात्र ती वर्गात एक शब्दही बोलत नाही, सकाळी फाटकाशी माझा हात सोडत नाही, डब्यातली पोळी दप्तरात लपवून ठेवते आणि बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे. आता वर्गशिक्षिकांनी प्रत्येक मुलाला तान्हेपणीचा फोटो आणायला सांगितला आहे. आमच्याकडे तो नाही. ती दत्तक आहे हे तिला ठाऊक आहे, शाळेला आम्ही कळवलेले नाही. सासूबाई म्हणतात, परक्या देशात कशाला सांगायचे? काही स्नेही घरीही इंग्रजीच बोला असे सुचवतात. आम्ही काय करावे?
— एक आई, रेडिंग

उत्तर : आपण वर्णन केलेल्या चार गोष्टींपैकी इंग्रजीशी थेट संबंध फक्त न बोलण्याचा आहे, आणि तीच सर्वांत कमी काळजीची आहे. नव्या भाषेत पडलेली अनेक मुले काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकत राहतात. रोजच्या बोलण्यापुरती भाषा यायला साधारण दोन वर्षे आणि अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षे लागतात, हे या विषयातील संशोधकांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. उरलेल्या तीन गोष्टी मात्र मला एकाच भीतीकडे बोट दाखवताना दिसतात. आपल्या मुलीने पाच वर्षांच्या आत निदान दोनदा आपली माणसे गमावली आहेत, आधी जन्मदात्री आणि नंतर संस्थेतील मावश्या. आता घर, शाळा, आजी, सगळे पुन्हा एकदा एका विमानप्रवासात मागे राहिले. मोठ्यांना ही बदली वाटते. तिला मात्र पुढची पाळी आईबाबांची तर नाही ना, असे वाटत असणार.

म्हणून पहिले काम फाटकाशी आहे. तिची नजर चुकवून निघून जाऊ नका. निरोप थोडक्यात पण रोज एकाच पद्धतीने घ्या आणि न्यायला कोण येणार हे नाव घेऊन सांगा. ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी तेथे उभे राहा. उशीर होणारच असेल तर तो निरोप शिक्षिकांमार्फत तिच्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे. घरात बॅग भरायला काढली तर ती कोणाची, कशासाठी आणि ते माणूस परत कधी येणार हे तिला आधी सांगावे. आपल्याकडे ‘त्रास दिलास तर सोडून येईन’ असे मोठी माणसे सहज बोलून जातात; या मुलीसमोर ते वाक्य कोणीही, फोनवरून आजीनेसुद्धा, उच्चारू नये. लपवलेल्या पोळीबद्दल रागावू नका. तिचा हात पोहोचेल अशा ठिकाणी खाऊचा एक डबा कायम भरलेला ठेवा आणि तो विचारल्याशिवाय उघडण्याची तिला मुभा द्या. अंथरुणाचा प्रश्न लांबला तर डॉक्टरांना दाखवा, पण सकाळी त्याची चर्चा नको.

आता सासूबाईंच्या शंकेविषयी. ती मायेपोटी आहे. लोकांच्या नजरा आणि टोमणे त्यांनी पाहिलेले असतील. तरीही इंग्लंडपुरते माझे मत स्पष्ट आहे : शाळेला सांगावे. 2017 च्या ‘चिल्ड्रन अँड सोशल वर्क ॲक्ट’नुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांमध्ये, पूर्वी संस्थेच्या किंवा सरकारच्या देखभालीत राहून दत्तक गेलेल्या मुलांसाठी एक ‘डेझिग्नेटेड टीचर’ नेमलेला असतो, आणि स्थानिक कौन्सिलचा ‘व्हर्च्युअल स्कूल हेड’ हा अधिकारी अशा पालकांना व शाळेला सल्ला देण्यास बांधील असतो. महत्त्वाचे म्हणजे इंग्लंड-वेल्सबाहेरच्या संस्थांतून दत्तक गेलेली मुलेही यात येतात. 2021 पासून शाळाप्रवेशातही अशा मुलांना सर्वोच्च प्राधान्य आहे, त्यामुळे पुढे घर किंवा शाळा बदलावी लागली तरी ते उपयोगी पडेल. दत्तकाचा आदेश दाखवावा लागू शकतो. शाळेला माहीतच नसेल तर यातले काहीच आपल्यापर्यंत येणार नाही.

सांगायचे किती, हा वेगळा प्रश्न आहे आणि तेथे मी आपल्याला हात आखडता घ्यायला सांगेन. ती दत्तक आहे, पाचव्या वर्षी घरी आली, कशाने घाबरते आणि कशाने शांत होते, एवढे शाळेला पुरे. जन्मदात्रीविषयी, संस्थेत येण्यामागच्या कारणांविषयी काहीही सांगू नका. तो वृत्तान्त तिचा आहे आणि मोठी झाल्यावर कोणाला सांगायचा हे ती ठरवील. शिक्षिकांना भेटण्याआधी आपण काय सांगणार आहोत ते तिच्या कानावर घाला. एक विनंती आवर्जून करा : चूक झाल्यावर तिला वर्गाबाहेर पाठवू नये, उलट स्वतःजवळ बसवावे. बाहेर काढले जाण्याचा अर्थ तिच्या मनात आपण समजतो त्याहून फार मोठा असतो.

फोटोच्या बाबतीत शिक्षिकांना सुचवा की, संपूर्ण वर्गाला ‘लहानपणीचा, तुम्हाला आवडणारा कोणताही फोटो’ आणायला सांगावे. मग ती पुण्याच्या घरातला पाचव्या वर्षीचा फोटो इतरांसारखाच सहज नेऊ शकेल. पुढे वंशवेल काढण्याचा प्रकल्प येईल, तेव्हा आधी कळवण्याची विनंतीही आजच करून ठेवा. मुले ‘तू आईसारखी का दिसत नाहीस?’ असे विचारतील. उत्तर द्यावे, ‘दॅट्स प्रायव्हेट’ म्हणावे किंवा सरळ निघून जावे, हे तिन्ही पर्याय तिच्या हाती आहेत. घरी बाहुल्या घेऊन त्यांचा सराव करा.

घरी इंग्रजीच बोलण्याचा सल्ला मात्र मुळीच मानू नका. मायभाषा पक्की असलेले मूल दुसरी भाषा उलट चांगली शिकते, हे तर आहेच. पण आपल्या मुलीच्या बाबतीत संस्था, पुणे आणि रेडिंग या तिन्ही ठिकाणी तिच्यासोबत अखंड राहिलेली एकमेव गोष्ट मराठी आहे. भीती, राग, आठवण हे सारे ती आज फक्त याच भाषेत सांगू शकते. ती वाट आपण आपल्या हाताने बुजवू नये.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन आठ महिने झाले आणि पतीची कॅनडात बदली होत आहे. निघण्यापूर्वी काय पाहावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शक्य असेल तर बदली वर्षभर पुढे ढकलण्याची विनंती करून पाहा, एवढ्या लवकर दुसरे स्थलांतर मुलाला जड जाते. ते जमत नसेल तर आपल्या दत्तक संस्थेला आताच लेखी कळवा, कारण देशांतर्गत दत्तकानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मुलाचा पाठपुरावा करावा लागतो आणि परदेशातून तो कसा होईल हे आधी ठरायला हवे. दत्तकाचा आदेश व आई-वडील म्हणून आपली नावे असलेला जन्मदाखला यांच्या प्रमाणित प्रती हातातल्या सामानात ठेवा. पोहोचल्यावर शाळेत घालण्याची घाई करू नका. तेथील नियम अनुमती देत असतील तर पहिले काही आठवडे मुलाला घर, रस्ता आणि शाळेचे अंगण आपल्यासोबत पाहू द्या.