आबांची बारा बोअर आणि मे महिन्याची सुट्टी

प्रश्न : सासरे फौजेतून रिटायर झाले, मग बँकेत गार्ड होते, तेव्हाची लायसनची दुनळी बारा बोअर बंदूक घरात आहे. कापडात गुंडाळून कपाटावर असते, काडतुसं खालच्या ड्रॉवरमध्ये. सुट्टीत भाचे-पुतणे धरून सहा पोरं जमतात. परवा माझा सात वर्षांचा मुलगा जेवताना सहज म्हणाला, "आबांच्या बंदुकीत गोळी कुठून घालतात मला माहितेय." घास गिळवेना मला. नवरा म्हणतो आम्ही पण ह्याच घरात वाढलो, काय झालं? आबांना सुनेनं सांगायचं तरी कसं?
— एक सून, कोरेगाव तालुका

उत्तर : ताई, घाबरलात ते बरोबरच आहे. दिवाळीत चकलीचा डबा माळ्यावर ठेवला तरी पोरं स्टुलावर स्टूल लावून काढतात की नाही? मग बंदूक का सापडणार नाही. आणि नवरोबांना सांगा, झालं नाही ते नशीब होतं, त्याला बंदोबस्त म्हणत नाहीत.

आता दुसरी गोष्ट, "आमच्या पोराला समजावलंय, तो हात लावणार नाही" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. अमेरिकेत अटलांटामध्ये डॉक्टरांनी 8 ते 12 वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, 2001 साली छापून आला. मुलांचे दोन-दोन तीन-तीन जणांचे 29 गट केले, खोलीत ड्रॉवरमध्ये खरं पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलं आणि काचेआडून बघत बसले. 21 गटांना ते सापडलं, त्यातल्या 16 गटांनी हातात घेतलं आणि 10 गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. हात लावणाऱ्या मुलांपैकी जवळपास सगळ्यांना घरी किंवा शाळेत आधी समजावलेलं होतं! तिथे घराघरात बंदुका, आपल्याकडे तसं नाही, पण पोरगं म्हणून पोरगं तेच. सांगायचं जरूर, की दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची, पण भरवसा कुलपावर ठेवायचा, पोराच्या शहाणपणावर नाही.

आबांना कसं सांगायचं ते सांगतो. "मला भीती वाटते" म्हणू नका, ते म्हणतील फौजीच्या घरात भित्री सून. त्यांना नुसतं विचारा, "आबा, तुमच्या पलटणीत रायफल कुठं ठेवायचे?" मग बघा चेहरा. मी स्वतः सहा वर्षं कोतात, म्हणजे पलटणीच्या हत्यारखान्यात, काढलीत. जवान कितीही जुना असो, ड्युटी संपली की रायफल कोतात जमा, रजिस्टरला सही, आणि गोळ्या मोजून वेगळ्या. ज्या माणसानं पंधरा-वीस वर्षं हे पाळलं तो घरी आल्यावर कपाटावर बंदूक का ठेवतो, ह्याचं उत्तर आमच्या अपशिंगे मिलिटरीपासून कुठल्याच फौजी गावात कुणाकडे नाही. घरी विचारणारा कुणी नसतो एवढंच. म्हणून म्हणा, "आबा, घरात कोत करूया, कोतवाले तुम्ही." चिडणार नाहीत, उलट रुबाबात करतील.

करायचं काय, तर आधी नळी बिजागरीवर खाली वाकवून उघडायची आणि उजेडाकडे धरायची, दोन्हीतून आरपार दिसलं पाहिजे, "गोळी नाहीये त्यात" हे तोंडी चालत नाही. कुणाकडे पिस्तूल असेल तर मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं समजू नका, एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, राहू शकते. दुनळीचं बरं असतं, पुढचं लाकूड काढलं की नळी आणि दस्ता वेगळे होतात, ते तसेच लोखंडी कपाटात कुलपात. काडतुसं दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलपात. किल्ली मात्र देवळीत नाही, फ्रिजवर नाही, आबांच्या करगोट्याला. आणि जुन्या कोटाचे खिसे तपासा, एखादं काडतूस तिथंच पडून असतं.

अजून एक, खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्र बाहेर येतं, हळद-कुंकू लागतं आणि मग दिवसभर देव्हाऱ्याशी टेकवून ठेवलेलं असतं, पाहुणे चहात, पोरं मोकळी. तुमच्या मुलाला गोळी कुठून घालतात ते तिथंच कळलं असणार, माझा अंदाज. पूजा करा पण आबा शेजारी बसलेले असताना, आरती झाली की परत कुलपात. लायसन घेताना हत्यार नीट सांभाळायची जबाबदारी आपणच घेतलेली असते, ती काय नुसती फाइलला लावायला नसते.

प्रश्न : तासगावकडे द्राक्षबाग आहे, पाखरं हाकायला एअरगन घेतली. दहा वर्षांचा मुलगा सारखा मागतो. लायसन लागत नाही म्हणजे खेळण्यासारखीच ना?
— बागायतदार, सांगली जिल्हा

उत्तर : नाही हो दादा. पॉइंट 177 बोअरपर्यंत आणि 20 जूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला लायसन माफ आहे, डोळ्याला माफी नाही. छर्रा दगडावर किंवा बागेतल्या लोखंडी अँगलवर आपटून उलटा येतो, आणि बागेत अँगल किती असतात ते तुम्हाला मी काय सांगू. एकट्या पोराच्या हातात अजिबात देऊ नका, तीही कुलपातच. लागलाच डोळ्याला तर चोळायचं नाही, पाणी मारायचं नाही, छर्रा उपसायचा नाही, कागदी कप दाब न देता वर धरायचा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पाखरं मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही हे वेगळंच, जाळी टाका.

प्रश्न : आजोबा वारले, त्यांची एकनळी ट्रंकेत आहे. गंजलीय, चालत नसेल. राहू दे का आठवण म्हणून?
— नातू, पाटण

उत्तर : लायसन आजोबांच्या नावावर होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. शस्त्र कायदा 1959, कलम 21 प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा आणि पावती घ्या, ठेवायचीच असेल तर वारसानं स्वतःच्या नावानं लायसनचा अर्ज करायचा. गंजलीय म्हणून स्वतः साफ करायला बसू नका. आधी ठाण्यात फोन करून सांगा, ते सांगतील तशी न्या, आणि ट्रंक उघडताना घरातली पोरं शेजारी पाठवून द्या.