बेटाचं भौतिक भांडवल मोजताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: छोट्या बेटाच्या भांडवलात नक्की काय काय धरायचं? जमीन, किनारा, परदेशी मालकाचं हॉटेल?

उत्तर: माणसाने बनवलेलं आणि वर्षाहून जास्त काळ उत्पादनाच्या कामी येणारं सगळं धरायचं, म्हणजे घरं, रस्ते, धक्के, धावपट्टी, जनरेटर, बोटी. नैसर्गिक जमीन आणि किनारा यात येत नाही, पण भराव घालायला झालेला खर्च येतो. मालदीवमधलं हुलहुमाले बघा, तिथे १९९७ पासून समुद्रात भराव टाकून अख्खं शहर वसवलंय. हॉटेलचा मालक परदेशी असला तरी हॉटेल बेटावरच उभं आहे ना, मग ते बेटाच्याच भांडवलात. मालकाचा हक्क परकीय देणं म्हणून वेगळ्या खात्यात जातो.

प्रश्न: आमच्याकडे गुंतवणुकीचे आकडे जेमतेम १५ वर्षांचे आहेत. भांडवलाचा सुरुवातीचा साठा कुठून आणायचा?

उत्तर: खरी गोम इथेच आहे. नेहमीची पद्धत सोपी आहे, गेल्या वर्षीच्या साठ्यातून घसारा (वापराने आणि वयाने होणारी झीज) वजा करा, यंदाची गुंतवणूक मिळवा, असं वर्षामागून वर्ष पुढे जा. पहिल्या साठ्यासाठी बरेच जण पहिल्या वर्षाची गुंतवणूक घेतात आणि गुंतवणूक वाढण्याचा दर अधिक घसाऱ्याचा दर याने तिला भागतात. समजा गुंतवणूक १० कोटी डॉलर, वाढ ३ टक्के, घसारा ५ टक्के, तर साठा आला १२५ कोटी. आता नेमकी त्याच वर्षी धावपट्टी बांधली गेली असेल आणि एरवी गुंतवणूक ५ कोटींचीच असते, तर आकडा साडेबासष्ट कोटींच्या आसपास यायला हवा होता, म्हणजे एका धावपट्टीने साठा दुप्पट करून ठेवला! आणि ही चूक लवकर जातही नाही, ५ टक्के घसारा धरला तर १५ वर्षांनंतरही तिचा ४६ टक्के भाग आकड्यात असतोच. मोठ्या देशात असा एखादा प्रकल्प बाकीच्या गुंतवणुकीत विरून जातो, बेटावर नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की बेटावर आधी सरळ मोजणी करा, सूत्र नंतर. विमानतळ एक, बंदर एक, वीजघरं एक-दोन, हे मोजून होण्यासारखं आहे! घरं किती आणि भिंती-छपरं कसली हे जनगणनेत बहुतेक मिळतं, रस्त्यांची लांबी बांधकाम खात्याकडे. प्रत्येक गोष्ट आज नव्याने उभारायला किती लागेल ते काढा आणि वयाप्रमाणे घसारा कापा. मशिनरी तर जवळपास सगळी आयातच होते, त्यामुळे कस्टम्सच्या नोंदी हाताशी असल्या की निम्मं काम झालं, फक्त घरगुती वापराच्या गाड्या आणि पुन्हा बाहेर गेलेला माल वगळा आणि बसवण्याचा खर्च मिळवायला विसरू नका.

प्रश्न: घसाऱ्याचे दर मोठ्या देशाचे घेतले तर चालतील?

उत्तर: तपासल्याशिवाय नको. ढोबळ हिशोब असा, २ भागिले आयुष्य. ४० वर्षं टिकणाऱ्या इमारतीला ५ टक्के, तीच खाऱ्या हवेत २५ वर्षांत मोडीत निघत असेल तर ८ टक्के. पण उलटंही होतं, नवं मशीन मागवणं महाग म्हणून सुटे पार्ट टाकून जुनंच वर्षानुवर्षं चालवतात. वीजघरातल्या इंजिनिअरला सरळ विचारा, शेवटचा जनरेटर भंगारात काढला तेव्हा तो किती वर्षांचा होता.

प्रश्न: चक्रीवादळाचं नुकसान घसाऱ्यात टाकायचं का?

उत्तर: अजिबात नाही. घसारा म्हणजे नेहमीची, अपेक्षित झीज. वादळाने गेलेली मालमत्ता वेगळ्या खात्यात दाखवून साठ्यातून वजा करतात. कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटाला सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने झोडपलं, अंदाज निघाला सुमारे १.३ अब्ज डॉलर, म्हणजे २०१६ च्या जीडीपीच्या २२६ टक्के. हा अख्खा आकडा साठ्यातून वजा केला की घोळ झाला, कारण त्यात मालमत्तेचं नुकसान सुमारे ९३ कोटींचं, बाकीचे ३८ कोटी म्हणजे बुडालेलं उत्पन्न वगैरे. शिवाय असे अंदाज बऱ्याचदा नव्याने बांधायच्या खर्चावर काढतात. ३० वर्षांचं जुनं छप्पर उडालं तर साठ्यात त्याची जेवढी किंमत उरली होती तेवढीच वजा करायची, नव्या छपराची नाही. नवं छप्पर बसवलं की ते गुंतवणूक म्हणून साठ्यात येईलच.

प्रश्न: मार्शल बेटांच्या झेंड्याखाली (म्हणजे तिथे नोंदलेली) इतकी जहाजं आहेत, ती तिथल्या भांडवलात का नाहीत?

उत्तर: झेंडा कुणाचा हे बघत नाहीत, जहाजाचा नफा-तोटा आणि जोखीम कोण उचलतं ते बघतात. त्यातल्या बहुतेक जहाजांच्या कंपन्या दुसरीकडून चालतात. तिथलीच एखादी कंपनी बेटाबेटांमध्ये फेरीबोट चालवत असेल तर ती मात्र नक्की धरा.